बुटांना न लागलेला चिखल

१६ सप्टेंबर. आजचं काम: नवऱ्याचे चालायचे बूट धुणं. तो कालच इंग्लंडहून परतला होता. तिथल्या शेतांतून, टेकड्यांवरून, मेंढ्यांच्या कुरणांतून एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणारी लांबलचक पायवाट तो कॉलेजच्या मित्राबरोबर चालून आला होता. मित्र तिकडेच राहतो. इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळाने येत्या रविवारी नवऱ्याच्या या प्रवासाचा स्लाइड शोही ठेवला होता.

मी बादली भरली, ब्रश घेतला आणि थांबले. बूट धुवायची गरजच नव्हती.

"तिथेच घासून आणले," तो आतून म्हणाला. "बुटाला माती सापडली तर एअरपोर्टवर दंड करतात, माहितीये ना तुला."

माहीत होतं. बाहेरून न्यूझीलंडला येताना आम्ही सगळेच बूट घासून आणतो. पण घासल्याने माती जाते, झिजलेलं रबर परत येत नाही. या बुटांच्या तळाच्या खाचांना अजून धार होती.

मी फार्मसिस्ट आहे. फोडांवर लावायच्या पट्ट्या मीच बॅगेत भरल्या होत्या. सगळ्या तशाच परत आल्या. इथे तळ्याभोवती एक चक्कर मारली तरी याच्या टाचेला फोड येतो. गुडघ्याला चोळायच्या जेलची ट्यूब मात्र पार पिळून काढलेली.

दुसरी बाई वगैरे शंका मला आली नाही. या माणसाला माझ्या वाढदिवसाचं गिफ्टसुद्धा लपवता येत नाही. पण काहीतरी लपवत होता, आणि ते मला रविवारी सगळ्या मंडळाबरोबर कळायला नको होतं.

संध्याकाळी म्हटलं, "स्लाइड्स दाखव बघू."

फोटोत मित्र गुडघ्यापर्यंत चिखलात, जॅकेटवरून पाणी गळतंय. शेजारी आमचा वीर, कोरडा ठणठणीत, भांग जागच्या जागी. मागे एक पांढरी व्हॅन. पुढच्या गावातही तीच.

"ही व्हॅन सगळीकडे कशी?"

"तिकडे व्हॅन फार असतात."

"आणि प्रत्येकीत पुढच्या काचेशी तुझी टोपी?"

मग त्याने सांगितलं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच उतारावर गुडघा सुजला. चालणाऱ्यांच्या बॅगा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला नेणारी गाडी असते, तिच्या ड्रायव्हरने याला पुढे बसवून घेतलं. शेवटपर्यंत.

"म्हणजे सामान म्हणून गेलास."

"जवळजवळ."

"मला फोन करून का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, जायच्या आधी गुडघा दाखव म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलंच होतं."

"बघ!"

"आणि रविवारी कुणी विचारलं, चढ कसा होता, तर?"

तो गुडघा चोळत बसला. मंडळातल्या लोकांसमोर त्याला निदान एकदा तरी भारी दिसायचं होतं, हे मला समजत होतं. पण त्यांच्यात फोटो नीट बघणारी बाई मी एकटीच नाही.

"आता नाही कसं म्हणू? हॉल घेतलाय."

"नाही म्हणू नकोस. व्हॅनमधून काय दिसलं ते सांग."

बराच वेळ स्लाइड्स पुढे-मागे करून तो म्हणाला, "ड्रायव्हर गमतीचा होता तसा. तूच कळव त्यांना."

१७ सप्टेंबर. सकाळी मी क्लिनिकला फोन करून गुडघ्यासाठी वेळ घेतली. मग मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: विषयात थोडा बदल आहे, नवा विषय 'इंग्लंड, सामानाच्या गाडीतून'. आणि बूट खोक्यात घालून गॅरेजमध्ये ठेवले.