वाळवंटातला नांगर

वाळवंटात नांगर टाकून मुक्काम करणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो दुबईत आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल, पण तो नांगर जीपमध्ये चढवताना एका बाजूने मी स्वतः हात लावला आहे. चार आकड्यांचा, गंजलेला, एकट्याने उचलायला गेलं तर कमरेत उसण भरेल असा. "चाचा, तंबूला खुंट्या पुरतात हो," असं मी म्हटलं, तेव्हा लहान मुलीने काहीतरी वेडगळ विचारलं की बघावं तशा मायेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "खुंटी बकरीला, वहिनी. शीड म्हटलं की नांगर आला."

त्यांचा तंबू म्हणजे एका गलबताचं जुनं शीड होतं. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. आधी खलाशी, मग तांडेल. कोकणातून कौलं, नारळ, सुंभाचे दोर भरून निघायचं आणि इथून खजूर घेऊन परतायचं, यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. पुढे इंजिनाची लाँच आली, गलबत म्हातारं झालं आणि मालकाने ते दुबईच्या खाडीतच मोडून लाकडाच्या भावाने विकलं. तांडेलाच्या वाट्याला शीड आणि नांगर आला. खाडीवरच्या एका व्यापाऱ्याने त्यांना गोदामात पोती मोजायला ठेवून घेतलं. चाचा जमिनीवर आले खरे, पण ही गोष्ट त्यांनी कधी मान्य केली नाही.

साठच्या दशकातली ही गोष्ट. अमिरात हे नावसुद्धा अजून व्हायचं होतं. पाणी गाढवावरून डब्यांनी यायचं, वीज आली तर आली, आणि आज जिथे घरांची दाटी आहे तिथे अल मनखूलला बकऱ्या चरत होत्या. अशा गावात संसार लावायला वरच्या मजल्यावर आम्ही आलो, तर दुसऱ्याच दिवशी चाचा हातोडी घेऊन हजर. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीच्या कडेला त्यांनी लाकडाची पट्टी ठोकली. का, तर डबे गडगडू नयेत. घर काही हलत नाही, हे मी त्यांना सांगणार होते, पण पट्टी बसल्यावर फळी इतकी नेटकी दिसायला लागली की मी न्हाणीघरातली फळीही दाखवली. त्यांच्या स्वतःच्या खोलीत तर कपबश्यांना दोरा बांधलेला होता. पाहुण्याने चहाचा कप तोंडाशी नेला की भिंतीवरचा दोरा ताणला जायचा आणि पाहुणा तेवढ्याच परिघात बसून चहा संपवायचा.

डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. ह्यांच्या ऑफिसातले एक साहेब पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. त्यांनी बाजारात चाचांनाच पत्ता विचारला. चाचांनी सांगितलं, "वारा पाठीवर घ्या आणि सरळ चला, मशीद दिसली की वारा सुकाण्याच्या अंगाला घ्या." साहेबांनी आधी बाजारात दोन-चार कामं उरकली आणि मग वारा पाठीवर घेतला. तोवर दुपार होऊन वारा फिरला होता. साहेब कस्टमच्या धक्क्यावर पोचले. मी भात तिसऱ्यांदा गरम केला. चाचांना हे कळलं तेव्हा त्यांना जरासुद्धा अपराधी वाटलं नाही. "वारा फिरला तर माणसाने पण फिरायला नको?" त्यांनी मलाच विचारलं.

गोदामातून खाडी दिसायची. एखादं गलबत आत शिरताना दिसलं की चाचा पोती सोडून काठावर धावायचे आणि दोन्ही हात उंचावून ओरडायचे, "शीड सोड! आवळ! अरे, आवळ म्हणतो ना!" गलबतावरचं कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. गलबत आपलं आपण धक्क्याला लागायचं. चाचा घाम पुसत परत यायचे आणि म्हणायचे, "खलास. लावलं एकदाचं नीट."

आणि थंडी पडली की हा माणूस सुट्टीत वाळवंटात मुक्कामाला जायचा. "तिथे लाटा आहेत," एवढंच कारण. वाळूच्या टेकड्यांना ते लाटाच म्हणत. शीड, नांगर, पाण्याचं पिंप, सुकट आणि तांदूळ एवढ्यावर ते दोन-तीन दिवस काढून यायचे आणि कामावर परतल्यावर गोदामात विचारलं तर सांगायचे, "समुद्र शांत होता."

या सगळ्यात एक चाचीही होती, पण ती गावाला. गलबतं पावसाळ्यात ओढून ठेवतात, त्यामुळे चाचीला नवरा मिळाला तो फक्त पावसाळ्यात. बाहेर धो धो पाऊस, ती चिखलात लावणी करतेय, आणि नवरा ओटीवर बसून विड्या ओढतोय, नाहीतर जाळं विणतोय. पाऊस सरला की नवरा गेला. असा तिचा सगळा संसार. मुली लग्न होऊन गेल्यावर चाचांनी तिला हट्टाने बोलावून घेतलं आणि ती मुंबईहून आगबोटीने आली. पण आली ती नुसतं बघायला. तसं तिने धक्क्यावर पाय ठेवतानाच सांगितलं.

तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती, सुंभाच्या जाड दोराने करकचून बांधलेली. ती पेटी तिने रिकामी केलीच नाही. रोज सकाळी गाठ सोडायची, एक लुगडं काढायचं, पुन्हा गाठ मारायची. मी म्हटलं, "चाची, माझ्याकडे कपाटात जागा आहे." तर म्हणाली, "कशाला गो बाय? मी हय रवायची नाय. पुढच्या बोटीन जातंय. हय झाड नाय, पाणी नाय, आणि ह्या माणसाचो तर काय, गावात बसायचो तो हय येऊन बसलो." चाचांनी हे ऐकलं. ते जिना चढून वर आले, माझ्या फळीची एक पट्टी उगाचच हलवून बघितली आणि म्हणाले, "वहिनी, बोट यायच्या आत काहीतरी करायला पाहिजे. एकदा गेली की ती परत समुद्र ओलांडणार नाही. आणि मीही आता कुठे जाणार?" एवढं गंभीर बोलणं त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "मग काय करायचं?" मी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वाळवंट दाखवू!"

झाड नाही, पाणी नाही म्हणून जाणाऱ्या बाईला वाळवंट दाखवायचं, हा बेत मला धड वाटला नाही. पण त्या वर्षी ईद ऐन थंडीत आली होती, ह्यांच्या ऑफिसची जीप मिळत होती, आणि चाचा एकटे गेले असते तर जेवणाचे हाल झाले असते. मी तयारीला लागले. स्टो, घासलेट, भाजणी, लसणीची चटणी, औषधं, चादरी, दोन पिंपं पाणी. चाचीने तिच्या हातची सांदणं घेतली. आणि पेटी. "पेटी घरी राहू दे," ह्यांनी सुचवून पाहिलं. "माझी पेटी मी सोडायची नाय," चाची म्हणाली. अशा रीतीने मागच्या बाकावर मी, चाची, आमच्यामध्ये पेटी आणि पायाशी नांगर, असे आम्ही निघालो. पुढे चाचा बोट ओलं करून वारा बघत होते आणि हे त्यांच्याकडे न बघता टायरच्या जुन्या खुणांवरून जीप नेत होते.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. तिथे वाळू संपून गोटे सुरू होतात, आणि मधूनच एखादं गाफचं झाड दिसतं. गाफ म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला पुजतो ती. मला ते झाड बघून इतकं बरं वाटलं की मी चाचीला हाताला धरून दाखवायला नेलं. ती म्हणाली, "बरा हाय. पण एकच हाय." शेजारी एक मोठा ओहोळ होता, उंच काठांचा, ठणठणीत कोरडा. इथले लोक त्याला वादी म्हणतात. मी वरच्या सपाटीवर सामान उतरवायला घेतलं, तर चाचा ओरडले, "वर नाही! वर वारा आहे. गलबत नेहमी खाडीत लावावं, आडोशाला. आयुष्यभर हेच केलं." आणि ते नांगर घेऊन थेट वादीच्या पोटात उतरले. आत खरंच वारा नव्हता. बसायला मऊ वाळू होती. मला हरकत घ्यायला काही सापडलं नाही. जीप तेवढी वर राहिली. शीड उभं राहिलं, नांगर दोन मोठ्या दगडांच्या मध्ये रुतवला गेला आणि शीड त्याला बांधण्यात होता नव्हता तो सगळा दोर संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा बदू, वाळवंटातला धनगर, बकऱ्या घेऊन काठावर आला. त्याने शीड पाहिलं, नांगर पाहिला, आणि बराच वेळ विचार करून चाचांना अरबीत विचारलं, "गलबत कुठंय?"

चाचांनी बंदरावरच्या अरबीत उत्तर दिलं, "येईल, इन्शाल्ला."

बदू हसला. हाताने डोंगराकडे दाखवून काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. डोंगरावर काळे ढग जमले होते. आमच्यावर मात्र लख्ख ऊन. चाचांनी बोट ओलं करून वर धरलं. "वारा उलटा आहे. पाऊस इकडे यायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. चाची पेटीवर बसून तांदूळ निवडत होती. "बसा आता बोट धरून," ती म्हणाली.

चाचांचं म्हणणं बरोबरच होतं. पाऊस आला नाही. पाणी आलं.

मी भात उतरवत होते. वाळूवरून चहा सांडल्यासारखा एक तांबूस ओघळ हळूहळू आला आणि माझ्या स्टोपाशी थांबला. चाचांनी त्यात हात बुडवला, चाटून पाहिला. "गोडं पाणी!" ते आनंदाने म्हणाले. आणि मग त्यांनी मान वर करून वादीच्या वळणाकडे कान दिला. त्यानंतरचा माणूस मी ओळखत नव्हते. तेच चाचा, तीच लुंगी, पण आवाज असा की ह्यांनी हातातली बशी खाली टाकली. "साहेब, वर चढा, जीपपाशी! वहिनी, डबे नाही, डबे नाही! यल्ला!" काठ उंच होता आणि दोर सगळा नांगराला लागलेला. चाचांनी चाचीला दंड धरून पेटीवरून उठवलं, पेटीच्या गाठीला हात घातला, आणि इतके दिवस ती दात-ओठ खाऊन मारत असलेली गाठ एका हिसक्यात सुटली. दोराचं एक टोक वर ह्यांच्याकडे गेलं, जीपला बांधलं गेलं. दुसऱ्या टोकाचा फास आधी माझ्या काखेत. मी वर. मग चाची. ती वर येताना सारखी "माझी पेटी, माझी पेटी" करत होती. म्हणून मग पेटीही आली. पाणी चाचांच्या गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, आणि ते एखाद्या आंब्याच्या झाडावर चढावं तसे दोर धरून शेवटी वर आले. तांडेल शेवटी उतरतो, हे त्यांनी तेवढ्यातही मला समजावून सांगितलं.

मग आम्ही चौघं काठावर उभे राहून खाली बघत होतो. वादी दुथडी भरून चालली होती. माझा भात गेला, स्टो गेला, ह्यांची एक चप्पल गेली. पण नांगर जागचा हलला नाही. शीड पाण्यावर पसरलं, फुगलं आणि दोराला ताण देत डावीकडे-उजवीकडे डुलायला लागलं, धक्क्याला लागलेल्या गलबतासारखं. चाचा कमरेवर हात ठेवून बघत होते. ओले, चिखलाने माखलेले, जगातले सगळ्यात सुखी तांडेल. तेवढ्यात पलीकडच्या काठावर तो बदू बकऱ्यांसकट उगवला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "आलं का गलबत?"

आधी चाची हसली. मला वाटलं, ती रडते आहे. पण ती पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि मग आम्हालाही आवरेना. घटकाभराने पाणी ओसरलं. पेटीतलं सगळं भिजलं होतं, तेव्हा मी ती पालथी केली आणि दुबईला आल्यापासून पहिल्यांदाच चाचीचे सगळे कपडे बाहेर आले. गाफच्या फांद्यांवर ते वाळत घालताना ती हळूच मला म्हणाली, "पावसात हा माणूस मी कायम बसलेलोच बगितलो गो. आज पहिल्यांदा उभो बगितलो." खाली चाचा चिखलातून नांगर उपसत होते आणि ह्यांना सुनावत होते, "बघितलं? खाडीत लावलं म्हणून वाचलं!"

परत आल्यावर दोन दिवसांनी मी धुणं घेऊन गच्चीवर गेले. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सुंभाचा जाड दोर बांधलेला होता आणि त्यावर चाचीची लुगडी ओळीने वाळत होती. बोट कधी आहे, हे मी विचारलं नाही. बोट आली आणि गेली.

पुढे किती हिवाळे आम्ही मुक्कामाला गेलो. तंबू कायम उंचावर, हा चाचीचा हुकूम. पण निघताना ती पहिला प्रश्न तोच विचारायची, "नांगर घेतलाव ना?" चाचा थकले तेव्हा दोघं गावाला गेली. नांगर बरोबर गेला. पेटी बांधायला मी बाजारातून नवा दोर आणून दिला, कारण गच्चीवरचा काढायला चाचीने हात लावू दिला नाही. "राहू दे, बाय. तुझी धुणी वाळतत त्यावर."

अजून वाळतात. दुपारचा वारा फिरला की चादरी फुगतात, दोर ताणला जातो, आणि मी खालच्या बंद खोलीकडे बघून मनात म्हणते, आवळा चाचा, आवळा.