शांताचा पुदिना आणि अडून बसलेला कावळा

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला कावळा पानाला शिवेना, आणि त्याला कारण मीच होतो.

मी सातवी शिकलेला, चाळीस वर्षं मागावर चादरी विणलेला माणूस. रडणंबिडणं मला जमत नाही. शांतानं गच्चीवर फुटक्या टपात पुदिना लावला होता, त्याला तेवढं रोज पाणी घालत होतो. ती होती तेव्हा मला टपाजवळ फिरकू द्यायची नाही. "तुमी हात लावला की झाड मरतंय," म्हणायची. (एकदा मी तिच्या मोगऱ्यात उरलेला चहा ओतला होता. गरम. ते ती शेवटपर्यंत विसरली नाही.) स्वतः मात्र दर चार दिवसांनी शेंडे खुडायची आणि चटणी वाटायची.

ती गेल्यावर मी घरात सांगून टाकलं, तिच्या पुदिन्याला कुणी हात लावायचा नाही.

एकदा सून सुनीता कात्री घेऊन वर आली. सून मला मामा म्हणते, सासूला आत्या म्हणायची.

"मामा, शेंडे खुडलं न्हाईत तर फुलावर येतंय बगा."

"येऊ दे. तिचं हाय ते."

"आत्या खुडायच्या की."

"तिचं तिला ठाव. तू कात्री घेऊन खाली जा."

पुदिना टपाबाहेर लोंबायला लागला. मग त्याला जांभळट तुरे आले, आणि सोलापुरातल्या झाडून सगळ्या मधमाश्यांना आमचा पत्ता लागला. सकाळी गच्चीवर माग चालू असल्यासारखी घरघर. मला बरं वाटायचं. खाली घरात काहीच आवाज नव्हता.

श्राद्धाच्या दिवशी कावळ्याचं पान मीच टपाला लागून कठड्यावर ठेवलं. ती तिथंच बसायची. पानात भात, भरली वांगी, गव्हाची खीर. मागं हात जोडून वीस पाहुणे.

कावळा लगेच आला. पाण्याच्या टाकीवर बसला. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसूनच राहिला.

अर्धा तास गेला. शांताचा धाकटा भाऊ महादू मंद्रूपहून आला होता. तो कानाशी आला. "दाजी, आक्काची कायतरी इच्छा ऱ्हायलीय. शब्द द्या."

"कसली इच्छा?"

"ते तुमास्नी ठाव. आमी काय सांगावं?"

मला काळजी लागली. आयुष्यभर तिचं ऐकलं नव्हतं, त्यातली एकच इच्छा कुठली आठवायची? मी हात जोडले. "शांते, तंबाखू सोडतो."

कावळ्यानं मान वाकडी केली.

"आनि?" महादू म्हणाला, कावळ्याचा वकील असल्यासारखा.

"सुनेला टाकून बोलणार नाही."

मागून सुनीता म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला मामा, टाकीपतुर ऐकू गेलं न्हाय."

मी मोठ्यानं बोललो. शेजारच्या गच्चीवरच्यांनीही ऐकलं. कावळा जागचा हलला नाही.

"दाजी, तुमी आक्काला कदी मंद्रूपच्या जत्रंला आणलं न्हाय."

"येतो. दरवर्षी येतो."

"चार दिस ऱ्हायचं."

ही इच्छा शांताची की महादूची ते मला कळेना, पण मी हो म्हणालो. कावळा खरंच कठड्यावर उतरला. दोन उड्या मारल्या, पानाशी आला आणि झटकन परत टाकीवर.

माझं डोकं फिरलं. "शांते, उतर की आता, गुडघं दुखायलेत माजं," म्हणत मी पान पुढं सरकवायला वाकलो, आणि नाकाच्या शेंड्यावर मधमाशी चावली.

तेव्हा मला पान नीट दिसलं. पानात खीर दिसत नव्हती, नुसत्या मधमाश्या. कावळा रुसला नव्हता. भ्याला होता.

सुनीतानं कात्री पुढं केली.

"तू काप," मी म्हणालो.

"न्हाय मामा. तुमीच."

मी कापायला लागलो तसा वास उठला. चटणी वाटल्यावर तिच्या हाताला यायचा तोच. हात थांबला, डोळ्यांना धार लागली. "लई जोरात चावली वाटतं," महादू म्हणाला. मी व्हय म्हणालो.

फुलांचा भारा दुसऱ्या टोकाला नेऊन टाकला, माश्या त्याच्यामागं गेल्या. सुनीतानं कोवळ्या पानांची चटणी वाटली आणि नवीन पान मांडलं. कावळा सरळ आला आणि पहिली चोच चटणीत घातली.

आता दर चार दिवसांनी मी शेंडे खुडतो. माझा हात लागूनही पुदिना जगलाय. पण दिलेले शब्द वीस जणांनी ऐकलेत, तेव्हा तंबाखू बंद आहे, सुनेशी गोड बोलावं लागतं, आणि जत्रेला महादूच्या घरी चार दिवस त्याचं घोरणं ऐकून आलो.

घरच्यांना एवढंच सांगून ठेवलंय. माझं पान मांडाल तेव्हा आधी पुदिना खुडा. नाहीतर मी टाकीवर बसून राहीन, आणि तुम्ही उगाच एकेक चांगली सवय लावून घ्याल.