खैरी टोल्याच्या भिंतीवरचे पंजे

"बांध कितना ऊँचा रखना है, ओव्हरसियर बाबू?"

क्लबाचे अध्यक्ष, वकील तिवारीजी, यांनी विचारलं आणि हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी नकाशाजवळ वेताची छडी धरून उभा. सिविल लाइंसमधल्या त्या सेवा क्लबात ओव्हरसियरला खुर्ची मिळत नसे. चहा मिळे, पण तोही उभ्यानेच.

"पुराची पातळी हातात आल्याशिवाय नाही सांगता येत, साब," मी म्हणालो.

"तो ले आइए ना! अगले शुक्रवार प्रस्ताव पास करना है."

पहिल्या रांगेत घाटे साहेब बसले होते. माझे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर आणि या क्लबाचे मेंबर. नागपूरचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी नुसती मान हलवली. म्हणजे जा आणि आणा.

ही मध्य प्रांताच्या काळातली गोष्ट. ओव्हरसियर म्हणजे इंजिनीअर आणि मजूर यांच्या मधला माणूस, दोन्हीकडची बोलणी खाणारा. मी तेव्हा तिशीत होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

पनागरच्या अलीकडे परियट नदीच्या काठाला खैरी टोला म्हणून वस्ती होती. भाजीपाला पिकवणाऱ्या काछी लोकांची तीसएक घरं. त्यांची वांगी आणि मटार रोज शहरात यायचे. काही वर्षांपासून दर पावसाळ्यात घराघरांत पाणी शिरत होतं. क्लबाने हे काम मनावर घेतलं होतं आणि ते मनापासून घेतलं होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे मी त्यांची थोडी टिंगल करणार आहे.

दोन बैठकांत भरपूर चर्चा झाली. कोणी म्हणालं, वस्तीच उचलून माळावर न्या. पण माळावर विहीर नाही, भाजी कशी पिकणार? कोणी म्हणालं, नदीचं पात्र खोल करा. ते ऐकून घाटे साहेब नुसते हसले. शेवटी बांधावर गाडी आली. नदी आणि वस्तीच्या मधोमध मातीचा लांबलचक बांध. बांध दुरून दिसतो, त्याच्यावर उभं राहून फोटो काढता येतो, आणि एका टोकाला क्लबाच्या नावाचा दगडही बसवता येतो. सगळ्यांना पटला.

बांधाची रेघ मीच मारली होती, ऑफिसात बसून, जुन्या नकाशावर. ती चार घरांवरून आणि त्यांच्या बाड्यांवरून जात होती. बाडी म्हणजे घरामागचा भाजीचा मळा. नकाशावर घर मोहरीएवढं असतं हो. रेघ मारताना मला काडीचंही वाईट वाटलं नाही. आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमचा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, रामदीन डंपी लेव्हल घेऊन खैरी टोल्यावर गेलो. लेव्हल म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली दुर्बीण, जी फक्त आडवी, अगदी सपाट बघते. समोर खलाशी आकडे लिहिलेला उंच गज धरतो. दुर्बिणीतून जो आकडा दिसतो त्यावरून कुठली जागा किती उंच ते कळतं. यात जादू काही नाही, फक्त डोळा आणि कंटाळा न येणं लागतं.

टोल्यावर पोचलो आणि बघतो तर काय, घरं पांढरीशुभ्र! आदल्या वर्षी क्लबाने सेवा सप्ताह केला होता. मेंबरांनी स्वतः बाह्या सरसावून सडकेकडच्या सगळ्या भिंतींना चुना लावला होता. रोगराई नको म्हणून. कौतुकाचीच गोष्ट, पण मला पुराच्या खुणा हव्या होत्या आणि भिंतीवर होता नुसता चुना.

लोकांना विचारलं, पाणी कुठवर येतं? एक म्हणाला, कमर तक. दुसरा म्हणाला, छाती तक. पहिला होता ताडमाड आणि दुसरा माझ्या खांद्याला लागत होता. आता कमरेवरून काय बांध काढायचा, बाप्पा!

त्या सगळ्या पांढऱ्या रांगेत एकच घर मातीच्या रंगाचं होतं. फुलिया काकीचं. क्लबात तिला "वो जिद्दी औरत" म्हणत, कारण चुन्याची बादली घेऊन आलेल्या मेंबरांना तिने अंगणातूनच परत पाठवलं होतं. माझ्या बांधाच्या रेघेवरच्या चार घरांत पहिलं तिचंच होतं. तिच्या भिंतीवर गेरूचे लाल पंजे उमटवलेले होते. एक खाली, दोन-तीन त्याच्या वर, सगळ्यात वरचा माझ्या छातीएवढ्या उंचीवर. मला वाटलं, सणावाराचे असतील. लग्नात नाही का लावत?

मी पुढे निघालो तशी ती म्हणाली, "काए बाबू, पानी नापने आए हो, तो पानी काए नईं देखत?"

"कहाँ है पानी, काकी?"

तिने भिंतीवर हात ठेवला. "जे का है?"

मग तिने सांगितलं. पूर ओसरला की त्या टोल्यात घरातली कर्ती बाई गेरूत हात बुडवते आणि भिंतीवर पाण्याची जी ओली रेघ उरलेली असते तिच्यावर पंजा ठेवते. नदीला सांगायचं, माई, इथवर आलीस, आता याच्या पुढे नको. दिवाळीला छुई मातीने भिंत सारवतात तेव्हा तेवढा पंजा सोडून सारवतात. आणि क्लबाने तेच पंजे चुन्याखाली घातले होते! सेवा म्हणून! मी कपाळावर हात मारला.

"बाकी सब मिट गए?" मी विचारलं.

"अगवारे के मिटे. पछवारे कौन गओ चूना लगाबे?"

खरंच की. मेंबरांनी चुना लावला होता तो सडकेवरून दिसणाऱ्या भिंतींना. मागच्या भिंतींकडे, गोठ्यांकडे कोणी फिरकलंच नव्हतं. फुलिया पुढे आणि आम्ही मागे, असे आम्ही घराघरांच्या मागे हिंडलो. जिथे जिथे पंजा, तिथे तिथे गज. मी मधल्या बोटाच्या टोकावर आकडा घेत होतो. आकड्यांना काही क्रम लागेना. कुठे इंचभर वर, कुठे दीड इंच खाली. मी वैतागलो. फुलिया तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"उँगरिया से काए नाप रए, बाबू? सबके हाथ एक से होत हैं का? नीचे से नापो. हथेली पानी पे धरी जात है."

तळव्याची खालची कड म्हणजे पाण्याची रेघ. हात लहान असो की मोठा, ती कड तिथेच. मी सगळे आकडे पुन्हा घेतले. आणि अंगावर सर्रकन काटा आला. टोल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यात वरचे पंजे एका पातळीत होते. अर्ध्या इंचाचाही फरक नाही.

यात काटा येण्यासारखं काय, म्हणाल. सांगतो. वाहतं पाणी कधीच सपाट नसतं. त्याला उतार लागतो, तेव्हाच ते वाहतं. वरच्या घराचा पंजा उंच आणि खालच्या घराचा त्याहून खाली असायला हवा होता. सगळे एका पातळीत म्हणजे इथे नदी वाहतच नव्हती. इथे तळं साचत होतं. आणि तळं साचतं ते कशाने तरी अडल्याशिवाय नाही.

मी मान वळवली. टोल्याच्या खालच्या अंगाला आमच्या खात्याची सडक होती, उंच भरावावरून गेलेली. तिच्या खाली पाणी जायला तीन मोऱ्यांची पुलिया, म्हणजे छोटा पूल. तिसरी मोरी बाभळीने आणि गाळाने भरलेली. सडकेच्या पलीकडे दोनच घरं होती. तिथलेही पंजे मोजले. सव्वादोन फूट खाली!

म्हणजे बांध आधीच होता. तो आम्हीच घातला होता आणि त्याला सडक म्हणत होतो. त्यात आणखी एक बांध घातला असता तर फुलियाचं घर गेलं असतं, बाडी गेली असती, आणि सडकेमागचं पाणी बांधाला वळसा घालून टोल्यात शिरलंच असतं.

आणि ही सडक कोणी बांधली होती? तरुणपणी, पहिलं स्वतंत्र काम म्हणून? घाटे साहेबांनी.

अधारतालला घरी आलो. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळी तव्यावरच ठेवली.

"साहेबाचीच सडक अन् साहेबालाच सांगून राहिले का तुम्ही? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग काय करू? त्या बाईचं घर पाडू?"

पोळी करपली. मग ती म्हणाली, "सांगा. पण आकडे दोनदा बघून घ्या."

आकडे चारदा बघितले आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर लेव्हल बुक ठेवलं. त्यांनी पानं उलटली. चेहरा काही सांगेना.

"देशकर, ही सडक कोणी बांधली, माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो साहेब."

"मग?"

"लेव्हल क्लोज केली आहे, साहेब."

आमच्या धंद्यात याहून मोठी शपथ नाही. उंची माहीत असलेल्या दगडापासून निघायचं, सगळी मोजणी करायची आणि फिरून त्याच दगडावर यायचं. निघतानाचा आकडा परत आला तर काम चोख. नाही आला तर तुम्ही कितीही तळमळून सांगा, कोणी ऐकत नाही.

साहेबांनी शेवटचं पान बघितलं. आकडा आला होता.

"उद्या सकाळी सातला निघू," ते म्हणाले. "लेव्हल मी लावीन. तुम्ही फक्त लिहा."

दुसऱ्या दिवशी एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर स्वतः दुर्बिणीला डोळा लावून उभे आणि मी वही धरून. रामदीन तर गज धरून कवायतीला उभा राहावा तसा ताठ. फुलियाच्या भिंतीपाशी साहेब आले आणि इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात गुडघा टेकून तळव्याची कड बघू लागले.

फुलियाने मोठ्याने विचारलं, "जेई हैं का सड़क वाले साहब?"

रामदीनने जीभ चावली. मी आभाळाकडे बघितलं.

साहेब उठले. गुडघा झटकला नाही. "हाँ, काकी," ते म्हणाले, "जेई हैं."

परत येताना गाडीत ते एकच वाक्य बोलले. "ती सडक झाली ते साल कोरडं होतं, देशकर. पाणी मी कधी बघितलंच नाही."

शुक्रवारी क्लब भरला. तिवारीजींनी बांधाचा ठराव वाचायला घेतला तसे घाटे साहेब उभे राहिले. म्हणाले, "बांध नको. खैरी टोल्यात पाणी साचतं ते माझ्या सडकेमुळे. पुलिया तीन मोऱ्यांची आहे, ती सहाची करायला हवी. प्रस्ताव मी वर पाठवतो. क्लबाने गाळ आणि बाभळी काढायला हात लावावा."

मग तिवारीजी खाकरले. "लेकिन इसका सबूत क्या है, घाटे साहब?"

"सबूत देशकर समझाएँगे." साहेबांनी मागे बघितलं. "आधी त्यांना खुर्ची द्या."

खुर्ची आली. मी बसलो नाही, कारण बसून नकाशा दाखवता येत नाही. पण ती खुर्ची माझ्या मागे होती, आणि मी असा बोललो की आजही आठवलं की छाती फुगते. पंजे, तळव्याची कड, तळं, सव्वादोन फूट, सगळं. पुढे चुन्यापाशी आलो तेव्हा अडखळलो. तिवारीजींनीच वाक्य पुरं केलं.

"यानी हमने गवाही पर चूना पोत दिया?"

"अगवारे पर, साब. पछवारे बच गया."

सगळ्यात आधी तेच हसले आणि मग सगळा हॉल. बांधाचा ठराव एकमताने रद्द झाला. मी माझ्या हाताने नकाशावरची ती रेघ खोडली.

पुढच्या उन्हाळ्यात पुलिया सहा मोऱ्यांची झाली. वकील, डॉक्टर, प्रोफेसर रविवारी येऊन बाभळी तोडत होते. हाताला फोड आले, पण आले बिचारे. फोटोही काढले.

त्यानंतरच्या भादव्यात परियटला दांडगा पूर आला. उतरल्याबरोबर मी धावत गेलो. पुलियाजवळ पोचलो तर फुलिया काकी तिथेच उभी, हातात गेरूचा वाडगा.

"घर में पानी आओ?" मी ओरडून विचारलं.

"नईं आओ," ती म्हणाली. "देहरी लौं नईं आओ. अब हाथ कहाँ धरें, बाबू? सो इते आ गए."

आमच्या नव्या पुलियाच्या खांबावर, ताज्या ओल्या रेघेवर, लाल पंजा उमटलेला होता. माझे डोळे भरून आले. मी रामदीनला म्हणालो, गज धर. आकडा घेतला, खालच्या कडेवरून. आमच्या हिशेबात बसला.

नोकरी संपेपर्यंत शिकाऊ लोकांना मी एकच सांगत राहिलो, पुराची पातळी शोधायला जाल तेव्हा घराच्या मागच्या बाजूने सुरुवात करा.

दर दोन वर्षांनी पुलियाला चुना लावायचा नियम होता. पहिली पाळी आली तेव्हा मी रजिस्टरात शेरा लिहिला. "वरच्या अंगाच्या दुसऱ्या खांबावरील हाताचे ठसे सोडून चुना लावावा." घाटे साहेबांनी तो वाचला, पेन उघडलं आणि सही करण्याआधी एक ओळ वाढवली. "ठसे खात्याच्या उपयोगाचे आहेत. पुसणाऱ्यास जाब विचारला जाईल."