भरिताचा दांडा

मुलांनो, तुमची जुनी व्हॅन थंडीत किंचाळते, असं काल फोनवर ऐकलं आणि लगेच लिहायला बसले.

अशाच एका गारठ्यात पारोळ्याजवळ आमची व्हॅन किंचाळू लागली. धुळ्याला दहा वाजता तुमच्या आईची तोंडी परीक्षा होती. रस्त्यालगतच्या गॅरेजवाल्या नानांना गाडीत आदल्या दिवशीच्या भरीत पार्टीचा, वांगी ठेचायचा लाकडी दांडा दिसला. त्याचं एक टोक इंजिनाला टेकवून दुसरं त्यांनी माझ्या कानाशी धरलं. आत संथ धडधड होती. मग टोक पट्ट्याच्या चाकाजवळ नेलं, तर किंचाळी थेट कानात शिरली. दोष मीच पकडला होता!

“अक्का, इंजिन बठ्ठं चांगलं शे. पट्टा ढिला शे,” नाना म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं.

“आई, आता भरीत ऑइलचं,” दांड्याचं ऑइलनं माखलेलं टोक बघत तुमची आई म्हणाली.

पट्टा आवळला, परीक्षा गाठली. दांडा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्याचं एक टोक काळं आहे.