कोकमाचा उडालेला रंग

थोरल्या जाऊबाईंचा हात सैल. मीठ असो, साखर असो, प्रमाण म्हणून काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालीजवळच्या आमच्या घरात त्या आणि मी, दोघीच, नवरे मुंबईला. फळं टिकवायचं शिकायला आम्ही रत्नागिरीला एका वर्गाला गेलो आणि येताना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नावाची पांढरी पूड घेऊन आलो. वास असा, की नाकाशी काडेपेटीची काडी ओढल्यासारखं झोंबावं. आंबट रसात पडली की तिच्यातून वायू सुटतो आणि रस आंबत नाही. मोठ्या कारखान्यांत आंब्याचा रस, द्राक्षाची दारू, सुकवलेली फळं हिच्याच भरवशावर टिकतात, असं वर्गातल्या बाई सांगत. आमच्या आंब्याच्या सरबताला चिमूटभर पुरली. महिना उलटला तरी एका बाटलीने कुरकुर केली नाही.

भावजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, बजावलं होतं, यंदा सरबतं विकायचं जमलं नाही तर मुंबईच्या खोलीवर राहायला यायचं. जाऊबाईंना ते नको होतं. मला तर मुळीच नको होतं. त्या गेल्यावर एवढ्या घरात मी भांडणार कुणाशी?

आंबा सरता सरता कोकमाची फळं, म्हणजे रातांबे, पिकले. साखर भरून बरण्या उन्हात ठेवल्या, लालभडक रस गाळला. घरी प्यायचा असता तर त्यात कुणी काही घातलं नसतं. पण मुंबईला जाणाऱ्या वस्तूत आमच्याकडे सगळं जरा जास्तच पडतं; लोणच्यात मीठ, लाडवात तूप. भावजी यायच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी त्या रसात चांगली चमचाभर पूड ढवळली. सकाळी झाकण काढलं तर कोकम कसलं, पेंढा भिजवलेलं पाणी!

“ह्यां काय झालां गो?” त्यांनी पळीने रस ढवळून पाहिला. “आता माजी बोचकी बांधूक लाग.”

मला रागच आला. “बोचकी मग बांधू. आधी बाईंना विचारून येते.”

पालीच्या पोस्टातून वर्गातल्या बाईंना फोन लावला. त्या आधी मनसोक्त ओरडल्या. रंगीत फळात ही पूड घालत नाहीत, वायू रंगाला झाकून टाकतो. मग म्हणाल्या, “उघड्या पातेल्यात तापवा. वायू गेला तर रंग परत येईल.”

अंगणातच चूल पेटवून स्टीलचं पातेलं चढवलं. ठसका लागून दोघींचे डोळे वाहू लागले. जाऊबाई उघड उघड रडत होत्या. मी वायूच्या नावाखाली रडून घेतलं. बऱ्याच वेळाने कडेला गुलाबी छटा दिसली, ती हळूहळू वाढत गेली. पहिल्याइतका गडद नाही, पण सरबत लाल झालं. तोवर त्या पातेल्यापासून आम्ही दोघी हललोच नाही.

संध्याकाळी भावजी आले ते रिकामी ट्रंक घेऊनच. बायकोचं सामान न्यायला! जाऊबाईंनी सरबताचा पेला पुढे केला. त्यांनी तो संपवला, दुसरा मागितला, आणि ट्रंकेकडे बघत म्हणाले, “ह्यात बाटल्या किती मावतील?”

पेंढा घालून बाटल्या त्यांनी स्वतःच भरल्या. दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या टपावर ट्रंक चढली. जाऊबाईंनी भावजींकडे पाहिलंसुद्धा नाही. वर मान करून त्या ट्रंकेलाच म्हणाल्या, “सांभाळून जा गो.”