उस्ताद सामींच्या अकरा ओळी

उस्ताद सामी गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. दोन्ही हातांत दुपारच्या डब्यांच्या पिशव्या, आणि आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, रफीक दार अडवून उभा. "भाभी, वो आपके सामनेवाले मिस्री उस्ताद... सुबह हॉस्पिटल में खलास हो गये." मी म्हटलं, "बाजूला हो, डबे थंड होतायत." आणि मी खरंच निघून गेले. शारजातल्या आमच्या अल नहदा भागातले सगळे डबे वेळेवर पोचवले, एकाच्याही भाजीची अदलाबदल झाली नाही. घरी येऊन चपला काढताना समोरच्या बंद दाराकडे लक्ष गेलं, आणि तिथेच कॉरिडॉरच्या फरशीवर बसून ढसाढसा रडले. चार महिने मी त्या माणसाशी बोलले नव्हते. आज त्यांना जाऊन सहा आठवडे होत आले, तरी हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं काही लिहिणं खोटं होईल.

उस्ताद मूळचे दक्षिण इजिप्तमधले, नाईलकाठच्या कुठल्याशा गावचे. उभा जन्म शारजात अरबी शिकवण्यात गेला. बायको करीमा वारली, मुलगी हाला लग्न होऊन कॅनडाला गेली, तरी हे आपले आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शिकवण्या करत राहिले. माझा डब्यांचा धंदा. पोळ्या लाटताना स्तोत्रं म्हणायची मला सवय. लहानपणी वडिलांनी समोर बसवून पाठ करून घेतलेली. एकदा दार उघडं होतं आणि उस्ताद दारात येऊन उभे. "उम्म रोहन, ये सब कागज देख के बोलता?" उम्म रोहन म्हणजे रोहनची आई, माझं नाव सुनंदा आहे हे त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. मी म्हटलं, कागद कुठला, पाठ आहे सगळं. "मतलब मालूम?" म्हटलं, "आधा." त्यावर केवढ्यांदा हसले! म्हणाले, मग तू रावी आहेस.

रावी म्हणजे काय ते त्यांनी दारातच सांगितलं. जुन्या काळी वाळवंटातल्या कवीजवळ एक माणूस असायचा. कवीने रचायचं, त्याने पाठ करायचं, आणि कवी मेल्यावर टोळ्याटोळ्यांतून म्हणत हिंडायचं. कागद नाही, शाई नाही, सगळा कारभार तोंडी. उस्तादांनी करीमावर बारा ओळींचा कसीदा, म्हणजे जुन्या अरबी धाटणीची कविता, रचला होता, आणि तो त्यांना लिहून ठेवायचा नव्हता. "कागज पे रखा तो आदमी आराम से भूल जाता है." हालाला फोनवर ऐकवायला गेले, तर ती म्हणाली, "बाबा, आय ॲम इन अ मीटिंग." परत काही त्यांनी तिला विचारलं नाही. मग कसीदा सांभाळणार कोण? तर समोरची डबेवाली! मी म्हटलं, अहो उस्ताद, माझं अरबी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं... "यल्ला, चलो, बैठो."

रोज चार वाजता, दुपारचे डबे जाऊन रात्रीच्या भाज्या चढायच्या मधल्या अर्ध्या तासात, आमचा वर्ग. पुदिन्याचा चहा त्यांचा, धपाटं माझं. एक ओळ दोन-दोन आठवडे चालायची. सगळ्या ओळी एकाच अक्षरावर संपणाऱ्या, आणि मधले उच्चार पार घशाच्या तळातून काढायचे. मी सराव करायला लागले की आमचे हे आतून ओरडायचे, "अगं, ठसका लागला का? पाणी देऊ?" अर्थ मात्र उस्ताद हप्त्याहप्त्याने सांगायचे. सुरुवातीला कवी, टोळी उठून गेली अशा ओसाड तळापाशी थांबतो. तंबू गेलेत, चुलीचे काळे दगड तेवढे उरलेत. अरबांची जुनी रीतच तशी, म्हणाले, आधी रिकाम्या जागेपाशी थांबायचं, मग बोलायचं. बोलता बोलता गाडी एकदम पिरॅमिडवाल्यांकडे वळायची. त्यांच्या गावाजवळच्या थडग्यांच्या भिंतींवर मेलेल्यांनी लिहवून ठेवलंय म्हणे, की बाबांनो, इथून जाताना थांबा, माझं नाव घ्या, माझ्यासाठी हजार भाकऱ्या तोंडाने म्हणा. नुसतं म्हटलं तरी मला पोचतात. मी म्हटलं, "उस्ताद, नुसतं म्हणून पोटं भरत असती तर मी पहाटे कशाला उठले असते?" ते दाढी खाजवत म्हणाले, "मेरा पुरखा तुम्हारा कस्टमर होता, तो तुम्हारा धंदा बंद." असे सुखाचे दिवस होते ते.

अकराव्या ओळीनंतर घात झाला. पन्नाशी उलटल्यावर माझा पाठांतरावरचा भरवसा डळमळला होता. अकरा ओळी डोक्यात आणि त्यात रोजच्या ऑर्डरी! मी गुपचूप सगळ्या ओळी ऑर्डरच्या वहीत देवनागरीत उतरवून काढल्या, आणि मला मेलीला एवढा अभिमान, की त्यांनाच दाखवल्या. बघा उस्ताद, कशा नीट लिहिल्यात! त्यांनी पान पाहिलं. वर काय लिहिलंय, विचारलं. मी सांगितलं, "टॉवर बी, दोन डबे, कांदा नको." त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तूही ऑफिसवाल्यांसारखीच निघालीस, फाइल केलं, खलास. माझं डोकं फिरलं. सहा-सहा महिने घसा खरवडला आणि वर हे ऐकायचं? त्यांच्या डोळ्यांदेखत पानं टराटरा फाडली, कचऱ्यात टाकली, "बारावी ओळ आता दुसऱ्या कुणाला तरी द्या" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

पुढे त्यांनी तीनदा बेल वाजवली. तिन्ही वेळा मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि उघडलं नाही. तिसऱ्यांदा ते भिंतीला हात टेकून उभे होते, दुसऱ्या हातात माझा स्टीलचा डबा. डबाच द्यायला आले असतील, ठेवतील खाली, असं मनाशी म्हटलं. ठेवला त्यांनी. घासून लख्ख केलेला, आत खजूर. कदाचित ते बारावी ओळही घेऊन आले असतील. मला ते आता कधीच कळणार नाही. माज, दुसरं काय!

हाला पोचली तोवर दफन उरकलं होतं. घर आवरताना तिने माझी बेल वाजवली. या वेळी मी धावत जाऊन उघडलं. सुजलेल्या डोळ्यांनी इंग्रजीत म्हणाली, तुम्हीच उम्म रोहन ना? हॉस्पिटलमधून बाबा फोनवर म्हणाले होते, तुझी ममा सामनेवालीकडे ठेवलीय, जाऊन घे. एवढं सगळं होऊनही त्या माणसाने पत्ता माझाच दिला होता! मी तिला सगळं सांगितलं, कचऱ्याचा डबा, दाराचं भिंग, काही म्हणता काही लपवलं नाही. तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "किती आहेत तुमच्याकडे?" म्हटलं, "अकरा. बारावी दाराबाहेर राहिली... माझ्यामुळे." तिने रेकॉर्ड करायला मोबाइल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि पर्समध्ये टाकून दिला. "नो. टीच मी."

मी डोळे मिटून सुरू केलं. नवव्या ओळीला तिने माझं मनगट धरलं. "वेट, हे काय केलंत? ममाच्या नावाआधी?" मी म्हटलं, तिथे तसंच आहे. तिथे थांबायचं, एक जड श्वास आत ओढायचा, दोन बोटं खुर्चीच्या हातावर टेकवायची, मग करीमा म्हणायचं. उस्तादांनी दर वेळी तसंच म्हटलं, मी तसंच पाठ केलं. अर्थ पुरता कळत नसला की माणूस काही गाळायला धजत नाही. हालाने तोंडावर हात ठेवला. "आंटी, दॅट्स नॉट द पोएम... दॅट्स बाबा. ममाचं नाव घेताना ते नेहमी असेच..."

आठ दिवस ती चार वाजता येत होती. उच्चार माझ्याहून कितीतरी स्वच्छ. शेवटी घरची भाषा ती. जायच्या दिवशी, टॅक्सी खाली थांबलेली असताना, माझ्या दारात उभ्या-उभ्या तिने अकराही ओळी म्हणून दाखवल्या. नववी तर इतकी सुरेख म्हणाली, एका दमात, कुठेही न थांबता.

"चुकलीस," मी म्हटलं. "परत म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. बॅगेच्या दांडीवर दोन बोटं टेकवली, श्वास ओढला... आणि मग आईचं नाव घेतलं.