चाक हातात, हुकूम तोंडात

नौदलात त्याला सलाम ठोकणारे हजारो होते, पण बंदरामागच्या गल्लीत तो शेवटपर्यंत ‘पंक्चर’च राहिला. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हा ट्रकच्या जुन्या ट्यूबला ठिगळं लावायचा आणि तिच्यावर बसून खाडीत तरंगायचा. मधेच ट्यूब फुसकन बसायची नि पोरगं गटांगळ्या खात काठाला यायचं. आई काठावर छडी घेऊन उभी. “बुडालास तर घरी पाऊल टाकू नकोस, सांगून ठेवते!” तो न बुडता यायचा, तरी मार ठरलेलाच.

तोच पोरगा नौदलात शिरला. पहिल्या सफरीत समुद्र असा काही लागला, की गळ्यात बादली अडकवून पहारा द्यायची पाळी आली. वरिष्ठाने विचारलं, “घरी जायचंय का रे?” हा म्हणाला, “जायचंय साहेब, पण जहाज वळेल तेव्हा. आत्ता पोहायची ताकद नाही.” त्या उत्तरावर तो टिकला म्हणतात. हळूहळू पोटही वठणीवर आलं. गस्तीची बोट मिळाली. भर वादळात उलटलेल्या होडीवरचे मच्छीमार त्याने दोर टाकून एकेक करत वर ओढून घेतले. मग मोठं जहाज आलं, मग जहाजांचा ताफा. खांद्यावरच्या पट्ट्या वाढत गेल्या, डोक्यावरचे केस कमी होत गेले, आणि निवृत्तीच्या दिवशी पंक्चर व्हाइस ॲडमिरल होता. आता त्यांना साहेब म्हणायला हवं.

साहेब घरी आले ते जहाज बरोबर घेऊनच. जेवताना ताटाखाली ओलं फडकं अंथरायचे, म्हणजे जहाज हललं तरी ताट घसरत नाही. “अहो, टेबल कुठे चाललंय का पळून?” बायको विचारायची. ती खाडीपलीकडच्या शाळेत मास्तरीण. साहेब तिला लाडाने ‘बाई’ म्हणत. घरातली कप्तान तीच. “मीठ आणा,” असं ती म्हणाली की साहेब ताठ उभे राहत, “मीठ आणतो!” असं मोठ्याने म्हणत आणि मगच डबा शोधायला जात. मिळालेला हुकूम परत म्हणायचा, ही नौदलाची शिस्त. हाडीमाशी खिळलेली.

बाईंचा धाकटा भाऊ खाडीवर प्रवासी लाँच चालवायचा. सगळा गाव त्याला मामा म्हणे. मामाच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी चाकासमोर उभं राहायला मनाई केली. परवानाधारक चालक मिळाला नाही तर लाँच बंद. मग बाईंना लांबच्या पुलावरून दोन बस बदलत शाळेत जावं लागणार.

“चिंता कसली?” साहेब म्हणाले. “मी आहे ना.”

“तुम्ही?” बाईंनी वह्यांतून मान वर केली. “अख्खी पृथ्वी पालथी घातलीत, पण माझ्याबरोबर ही एवढीशी खाडी कधी ओलांडली नाहीत.”

हे बोलणं साहेबांना लागलं. त्यांनी त्याच दिवशी परवान्यासाठी अर्ज केला.

परीक्षा घ्यायला बंदर कचेरीतून एक तरुण तपासनीस आली. चाचणी अगदी साधी होती. लाँच बाहेर न्यायची, पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा आणि धक्क्याला अलगद लावायची. धक्क्यावर बघ्यांची ही गर्दी. ॲडमिरलची परीक्षा कुणाला चुकवायची होती?

वळसा मुकाट्याने, जेमतेम निभावला. धक्का जवळ आला तशी साहेबांनी छाती पुढे काढली आणि गरजले, “डावीकडे दहा!”

आणि वाट बघत उभे राहिले.

लाँच नाकासमोर गेली ती धाडकन धक्क्यावर. तपासनिसीचा चहा तिच्याच साडीवर. मागून कुणीतरी ओरडलं, “पंक्चर!”

ती पदर झटकत म्हणाली, “साहेब, चाक तुमच्याच हातात होतं.”

झालं होतं ते असं. जहाजावर कप्तान चाकाला हात लावत नाही. तो फक्त हुकूम देतो, सुकाणू दहा अंश डावीकडे. चाकावरचा खलाशी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि मग चाक फिरवतो. साहेबांचं सगळं आयुष्य हुकूम देण्यात गेलेलं. तोंड आपलं काम करून मोकळं झालं, हात मात्र कुणीतरी ‘हो साहेब’ म्हणायची वाट बघत राहिले.

तपासनिसीने पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी दिली. “शेवटची हं,” म्हणाली.

आठवडाभर सराव चालला. मामा काठावर खुर्ची टाकून बसायचा. “भावोजी, बोलू नका, नुसतं फिरवा!” पण न बोलता साहेबांना धक्क्याशी नेमकं वळताच येईना. आणि बोलले की हात थिजायचे. धक्क्याला टांगलेल्या टायरांनी इतका मार कधी खाल्ला नव्हता.

रात्री जेवताना साहेबांनी ताटाखालचं फडकं सरळ केलं. “बस किती वाजताची असते गं?” त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी रिकामं भांडं पुढे सरकवलं. “पाणी द्या,” एवढंच म्हणाल्या.

“पाणी देतो!” साहेब म्हणाले, आणि हात तांब्याकडे गेलासुद्धा.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

परीक्षेच्या दिवशी त्या पर्स सावरत लाँचवर चढल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या.

“चाकाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही,” तपासनीस म्हणाली.

“लावत नाही. बोलायला मनाई आहे का?”

“तशी काही नाही.”

धक्का जवळ आला. “डावीकडे दहा!” साहेब गरजले.

“डावीकडे दहा!” बाई वर्गात पाढे म्हणून घेतात त्या आवाजात खणखणीत म्हणाल्या. आणि साहेबांचे हात आपोआप फिरले. बाईंच्या आवाजावर हलायची त्यांना सवयच होती.

“मधे घ्या!”

“मधे घ्या!”

लाँच धक्क्याला अशी टेकली, की तपासनिसीचा कप हिंदकळलाही नाही. मामा टाळ्या पिटत उठायला गेला, गुडघा आठवला आणि बसूनच ओरडला, “ताई, पास!”

आता रोज सकाळी लाँच सुटते. पोस्टमन, कोळीण, शाळेची पोरं, सगळे बसलेले. “डावीकडे दहा!” साहेबांचा आवाज येतो, आणि अख्खी लाँच एका सुरात ओरडते, “डावीकडे दहा!” नवखा प्रवासी दचकतो, मग तोही सामील होतो. बाई मात्र वह्या तपासत बसतात. टायराला जरा जरी धक्का लागला की मान वर न करता म्हणतात, “पुन्हा करा.”

पलीकडे पोचलं की साहेब चाक सोडून पुढे येतात आणि हात देतात. “बाई, सांभाळून उतरा.”

बाई त्यांचा हात घट्ट धरतात, पोरांकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, “सांभाळून उतरते, साहेब!”